रंगवेडा वैद्य : पॉल एर्लिख

एखाद्या मुलाच्या बोटांना, सदऱ्याला किंवा समोरच्या बाकाला शाईचे डाग दिसले म्हणजे आम्हा शिक्षकांच्या कपाळाला आठी पडते. त्यातून त्या मुलाचे परीक्षेतील गुण बेताचे असले, तर ते डाग आम्हांस अधिकच खुपतात. अशा वेळी ज्या थोर पुरुषाची आम्हांस आठवण व्हावयास हवी, त्याची ती बहुधा होत नाही. म्हणून आज आम्ही त्याचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत आणि थोडेसे स्वतःपुढेही ठेवीत आहोत. त्याचे नाव पॉल एर्लिख.

पॉलचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी प्रशियाच्या सिलेशिया प्रांतातील स्ट्रेलेन या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील इस्मार हे उतारूंसाठी खाणावळ चालवीत आणि सरकारी लॉटरीचेही काम पाहत. आई रोझा ही वायगर्ट घराण्यातील होती. तिच्या माहेरच्या नात्यातला कार्ल वायगर्ट हा पॉलहून नऊ वर्षांनी मोठा होता. तो पुढे नामांकित विकृतिशास्त्रज्ञ झाला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या वस्तू रंगवून घेण्याची विद्या पॉलला प्रथम त्याच्यापासूनच लाभली.

ही विद्या त्या काळी अगदी नवी होती. पॉल दोन वर्षांचा असताना, १८५६ साली, विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज तरुणाने हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने बनविण्याची खटपट केली. क्विनीन काही हाती आले नाही. परंतु दगडी कोळशाच्या डांबरातून निघालेल्या द्रव्यापासून एक सुंदर जांभळा रंग मात्र तयार झाला. पाहता पाहता अशा कृत्रिम रंगांचे मोठमोठे कारखाने जर्मनीत उभे राहिले. कापड रंगविणाऱ्यांना या रंगांत पैसा दिसला. एर्लिखला त्यांत वेगळेच काही दिसले.

ब्रेस्लाऊ येथील शाळेत तो लॅटिन व गणित या विषयांत बरा असे. निबंध मात्र त्याला नकोसा वाटे. त्याच्या अखेरच्या परीक्षेविषयी एक आख्यायिका सांगतात. जीवन हे एक स्वप्न आहे, या विषयावर निबंध लिहावयाचा होता. इतरांनी काव्यमय कल्पना लढविल्या. पॉलने लिहिले, की जीवन हा ज्वलनाचा एक प्रकार असून स्वप्न ही मेंदूत घडणारी तशीच रासायनिक क्रिया आहे. परीक्षक रागावले आणि मुलगा कसाबसा उत्तीर्ण झाला.

वैद्यकाच्या शिक्षणासाठी तो ब्रेस्लाऊ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग व लाइप्झिग अशा चार विद्यापीठांतून हिंडला. स्ट्रासबुर्ग येथे शारीरशास्त्राचे प्राध्यापक वाल्डायर यांना आपल्या या विद्यार्थ्याचे टेबल रोज निराळ्याच रंगांनी माखलेले दिसे. त्यांनी त्याला हटकले नाही. त्याच्या मनासारखे करू दिले. वाल्डायर यांचे हे मौन आम्हांला एखाद्या उत्तम व्याख्यानाहून मोलाचे वाटते. १८७६ साली तरुण डॉक्टर रॉबर्ट कॉख ब्रेस्लाऊस आले असता त्यांना तेथे एक विद्यार्थी दाखविण्यात आला. हा रंगकामात पटाईत आहे, परंतु परीक्षा काही याच्याने उत्तीर्ण व्हावयाच्या नाहीत, अशी त्याची ओळख करून देण्यात आली, असे म्हणतात. हे भाकीत खोटे ठरले. १८७८ साली लाइप्झिग येथे एर्लिख यांनी डॉक्टरची पदवी संपादन केली आणि प्रबंधाचा विषयही रंगांचाच होता.

त्या प्रबंधामागील प्रश्न वरवर साधा आहे. एका पातळ कापावर एक रंग ओतला, तर तो सर्वत्र सारखा का बसत नाही? एक रंग पेशीच्या केंद्रकाला धरतो, दुसरा तिच्यातील कणांना धरतो, तिसरा जंतूला धरतो आणि आजूबाजूच्या भागास शिवतही नाही. त्याअर्थी रंग आणि तो ज्याला चिकटतो ती वस्तू यांच्यामध्ये काही रासायनिक सख्य असले पाहिजे. एर्लिख यांचे पुढील सारे आयुष्य या एकाच विचाराच्या मागे गेले.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात प्राध्यापक फ्रेरिख्स यांनी त्यांना संशोधनास मोकळीक दिली. तेथे त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर पसरून तो निरनिराळ्या रंगांनी रंगविला, आणि पांढऱ्या पेशी म्हणून एकत्र गणल्या जाणाऱ्या पेशींत वेगवेगळ्या जाती असल्याचे दाखवून दिले. आज आपण रक्त तपासावयास देतो, तेव्हा अहवालात इओसिनोफिल वगैरे जी नावे छापून येतात, त्यांच्या मुळाशी हेच काम आहे.

२४ मार्च १८८२ रोजी कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. श्रोत्यांत एर्लिख होते. घरी येताच ते जंतू रंगविण्याची अधिक चांगली रीत शोधण्यास बसले. त्यांनी काचपट्ट्या थंड शेगडीवर वाळत ठेविल्या असता कोणी नकळत शेगडी पेटविली, आणि त्या उष्णतेने रंग पक्का बसला, अशी गोष्ट सांगतात. ती जशीच्या तशी घडली असो वा नसो, अम्लाने धुतले तरी क्षयाचा जंतू आपला रंग सोडीत नाही, हे एर्लिख यांनी त्याच वर्षी दाखविले. थुंकीतून क्षय ओळखण्याची जी रीत पुढे जगभर रूढ झाली, ती त्यांच्याच पद्धतीत थोडा फेरफार करून.

१८८३ साली हेडविग पिंकुस या कापडगिरणीच्या मालकाच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. त्यांना स्टेफानी व मारियाने अशा दोन मुली झाल्या. थोड्याच वर्षांत दैवाने एक विचित्र खेळ केला. ज्या जंतूला रंगविण्याची रीत एर्लिख यांनी जगाला शिकविली, तोच जंतू त्यांच्या स्वतःच्या थुंकीत आढळला. कोरड्या हवेसाठी ते पत्नीसह इजिप्तला गेले आणि १८८९ साली बरे होऊन परतले. परंतु आता हाती नोकरी नव्हती. तेव्हा त्यांनी बर्लिनमध्ये एक लहानशी खाजगी प्रयोगशाळा थाटली आणि काम पुढे चालू केले.

येथून पुढची हकीकत वाचताना आमच्या वाचकांना आपल्या परसातील दोन वनस्पतींची आठवण होईल. एक एरंड आणि दुसरी गुंज. आठ गुंजांचा एक मासा हे सोनाराचे जुने माप घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. पण त्या तांबड्या, काळ्या ठिपक्याच्या बीच्या पोटात जहाल विष असते, हे मुलांनी विशेष लक्षात ठेवावे. गुंजेतील विषास ॲब्रिन आणि एरंडीच्या बीतील विषास रिसिन म्हणतात. एर्लिख यांनी ही विषे उंदरांना प्रथम अत्यल्प प्रमाणात दिली आणि मात्रा हळूहळू वाढवीत नेली. काही आठवड्यांनी, एरवी जी मात्रा उंदराला खात्रीने मारील तिच्या कितीतरी पट विष ते उंदीर पचवू लागले. परंतु रिसिनला सरावलेला उंदीर ॲब्रिनपुढे टिकत नसे आणि ॲब्रिनला सरावलेला रिसिनपुढे टिकत नसे. म्हणजे शरीर जो प्रतिकार उभारते, तो विवक्षित शत्रूपुरताच असतो. रक्तात निर्माण होणाऱ्या या प्रतिकारक द्रव्याला एर्लिख यांनी १८९१ साली जे नाव वापरले, त्याचा मराठी पर्याय प्रतिपिंड असा आहे. मातेच्या दुधातून हा प्रतिकार पिलांपर्यंत पोहोचतो, हेही त्यांनी उंदरांवर प्रयोग करून सिद्ध केले.

त्या काळी युरोपात घटसर्पाने असंख्य मुले गुदमरून मरत. घशात राखी पडदा धरे आणि मातापित्यांच्या डोळ्यांदेखत श्वास कोंडे. १८९० साली बेरिंग व जपानचे किटासाटो यांनी, रोगाचे विष टोचून प्रतिकारक्षम केलेल्या जनावराच्या रक्तरसाने दुसऱ्या जनावरास वाचविता येते, असे दाखविले होते. तथापि माणसांवर वापरू लागताच अडचण आली. एका घोड्याचा रक्तरस गुणकारी ठरे, तर दुसऱ्याचा पाण्यासारखा निरुपयोगी ठरे. औषध आहे, पण त्याचे माप नाही, अशी स्थिती होती. हे माप एर्लिख यांनी दिले. विष साठविले असता त्याची शक्ती बदलते, हे ओळखून त्यांनी वाळविलेला प्रतिविषयुक्त रक्तरस निर्वात नळ्यांत जपून ठेविला, त्यालाच प्रमाण मानले आणि प्रत्येक नव्या रक्तरसाची त्याच्याशी तुलना करण्याची रीत १८९७ साली प्रसिद्ध केली. सोनाराला जशी गुंज, तसे डॉक्टरला हे एकक मिळाले. राष्ट्रसंघाने १९२२ साली घटसर्पाच्या रक्तरसाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरविले, तेही याच पायावर.

या यशात कटुताही मिसळली. रक्तरसाच्या नफ्यातील आपला वाटा एर्लिख यांनी सोडून दिला, आणि त्या व्यवहारातून बेरिंग यांच्याशी त्यांचे संबंध कायमचे दुरावले. १९०१ साली वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले, ते एकट्या बेरिंग यांना. एर्लिख तक्रार करीत बसले नाहीत. १८९९ सालापासून ते फ्रँकफुर्ट येथील नव्या संस्थेचे संचालक झाले होते आणि कामात गढून गेले होते. १९०८ साली मेचनिकॉफ यांच्यासमवेत त्यांनाही तो मान मिळाला.

प्रतिपिंड निर्माण होतात तरी कसे, यासंबंधी एर्लिख यांनी एक उपपत्ती मांडली. पेशीच्या अंगाला अन्नद्रव्य पकडण्यासाठी जणू लहान लहान हात असतात. विषाचा कण अशा एखाद्या हातात, किल्ली कुलपात बसावी तसा, नेमका बसतो. तो हात निकामी झाला म्हणजे पेशी तसेच आणखी हात निर्माण करते, आणि ते इतके होतात की अधिकचे हात सुटून रक्तात वाहू लागतात. तेच प्रतिपिंड. या हातांना त्यांनी १९०० साली जो शब्द योजला, त्याचा अर्थ ग्रहण करणारा असा आहे. आपण त्यांना ग्राही म्हणू. या उपपत्तीचे सर्व तपशील पुढे टिकले नाहीत. प्रतिपिंड बनविण्याचे काम रक्तातील एका विशिष्ट जातीच्या पेशी करतात, हे नंतर कळले. परंतु पेशीवर नेमकी जोडी जमविणारी स्थळे असतात, हा गाभा शतक उलटले तरी ढळला नाही.

मग त्यांच्या मनात आले, की रंग जर फक्त जंतूलाच चिकटतो, तर त्या रंगाबरोबर जंतूपुरते विष का पाठवू नये? रोग्याला धक्का न लावता रोगजंतूलाच गाठणारा मंतरलेला बाण आपल्याला रसायनशाळेत बनविता येईल काय? १८९१ साली त्यांनी गुटमान यांच्यासह मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग हिवतापाच्या दोन रोग्यांना देऊन पाहिला होता व गुण आला होता. पुढे फ्रान्सिस्का श्पायर या विधवा बाईंनी पतीच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९०६ साली फ्रँकफुर्ट येथे याच कामासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. तेथे त्यांचे सहकारी बेर्टहाइम सोमलाची संयुगे एकामागून एक तयार करीत आणि ती जनावरांवर तपासली जात. प्रत्येकाला क्रमांक दिला जाई. त्यांतील ६०६ क्रमांकाचे संयुग १९०७ साली तयार झाले. परंतु पहिल्या तपासणीत ते निरुपयोगी ठरून फडताळात पडले. १९०९ साली जपानहून साहाचिरो हाता हे अत्यंत चिकाटीचे संशोधक आले. एर्लिख यांनी त्यांना जुनी संयुगे पुन्हा पहिल्यापासून तपासावयास सांगितली. हातांनी ती उपदंश झालेल्या सशांवर तपासली आणि टाकून दिलेले ६०६ हेच औषध ठरले.

एप्रिल १९१० मध्ये वीसबाडेन येथील परिषदेत ही वार्ता जाहीर झाली. उपदंशाने अंधत्व, वेड व पक्षाघात येई आणि निरपराध तान्ह्या मुलांनाही आईकडून तो रोग मिळे. विक्री सुरू होण्यापूर्वी सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना विनामूल्य पाठवून एर्लिख यांनी त्यांच्याकडून अनुभव मागविले. नंतर हे औषध साल्व्हर्सान या नावाने बाजारात आले. ते हवेत बिघडे, टोचण्यास अवघड असे आणि काही रोग्यांना त्यापासून अपायही झाला. त्यामुळे एर्लिख यांच्यावर कठोर टीकेचा भडिमार झाला. नफेखोरीचे आरोपही झाले. १९१४ साली जर्मन संसदेत त्यावर चर्चा झाली. त्यांनी प्रत्येक अपायाची हकीकत बारकाईने नोंदविली आणि १९१२ साली अधिक सोयीचे सुधारलेले संयुग पुढे आणले. पेनिसिलिन येईपर्यंत उपदंशावर मुख्य भरवसा या सोमलयुक्त औषधांचाच राहिला.

माणूस म्हणून एर्लिख साधे आणि विलक्षण होते. दिवसाला पंचवीसएक चिरूट ओढीत. ही सवय अनुकरणीय मुळीच नव्हे, हे आम्ही शिक्षक या नात्याने सांगून ठेवतो. बोलता बोलता ते कागद नसल्यास टेबलावरच्या कापडावर, सदऱ्याच्या बाहीवर, नाही तर चक्क जमिनीवर आकृत्या काढीत. रोज सकाळी रंगीत चिठ्ठ्यांवर सहकाऱ्यांची त्या दिवसाची कामे लिहून देत. गुप्तहेरांच्या कथा त्यांना फार आवडत. संशोधनास पैसा, चिकाटी, कौशल्य व दैव अशा चार गोष्टी लागतात, असे ते नेहमी म्हणत. जर्मन भाषेत या चारी शब्दांची सुरुवात एकाच अक्षराने होते.

चरित्र लिहिताना केवळ गौरव करावा, हे आम्हांस मान्य नाही. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा जर्मनीच्या युद्धकृत्यांचे समर्थन करणाऱ्या त्र्याण्णव विद्वानांच्या पत्रकावर एर्लिख यांचीही सही होती. त्यांच्या चरित्रात ही सही झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्या वर्षाअखेर त्यांना आजाराचा झटका आला आणि २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ज्या देशासाठी त्यांनी ती सही केली, त्या देशाने पुढे काय केले? नाझी राजवटीत, ते ज्यू होते एवढ्याच कारणास्तव, १९३८ साली फ्रँकफुर्टमधील त्यांच्या नावाचा रस्ता पुसला गेला. वृद्ध हेडविगबाईंना १९३९ साली देश सोडून स्वित्झर्लंडला व नंतर अमेरिकेस जावे लागले. त्या १९४८ साली परक्या भूमीतच वारल्या. ज्याने घटसर्पाच्या रक्तरसाला माप देऊन जर्मन मुलांचे प्राण वाचविण्यास हातभार लावला, त्याच्या विधवेला जर्मनीत घर उरले नाही. युद्धानंतर त्यांचे नाव परत आले. १९४७ साली त्यांनीच घडविलेल्या रक्तरसतपासणीच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले, आणि युरो चलन येण्यापूर्वीच्या दोनशे मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले गेले.

एर्लिख यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी, १९७५ साली, इंग्लंडमधील केंब्रिज येथे कोलर व मिलस्टाइन यांनी एक अपूर्व युक्ती योजली. प्रतिपिंड बनविणारी उंदराची पेशी अल्पायुषी असते. कर्कपेशी मात्र वाढतच राहते. त्यांनी या दोहोंचा संयोग घडवून आणला आणि एकाच पेशीचा वंश वाढविला. त्यातून निपजलेले प्रतिपिंड सगळे तंतोतंत सारखे आणि एकाच लक्ष्याला ओळखणारे असतात. त्यांना मोनोक्लोनल प्रतिपिंड म्हणतात. १९८४ साली या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेत शिकागो येथे एल्वुड जेन्सन हे इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाचा ग्राही शोधीत होते. किरणोत्सर्गी हायड्रोजन जोडलेले संप्रेरक जनावरास देऊन ते कोठे अडकते, हे पाहत त्यांनी त्या ग्राहीचे अस्तित्व सिद्ध केले. १९८० साली जेफ्री ग्रीन यांनी जेन्सन यांच्यासह या ग्राहीला ओळखणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड तयार केले. तोपर्यंत समजूत अशी होती, की हा ग्राही पेशीच्या बाहेरील भागात वावरतो आणि संप्रेरक मिळाल्यावरच केंद्रकात शिरतो. १९८४ साली किंग व ग्रीन यांनी प्रतिपिंडाला रंगाची खूण जोडून काप तपासले. रंग उमटला तो थेट केंद्रकात. संप्रेरक नसतानाही तेथेच. जुनी समजूत सोडावी लागली. आज स्तनाच्या कर्करोगाचा तुकडा तपासताना अशाच प्रतिपिंडाने केंद्रके तपकिरी होतात की नाही हे पाहतात, आणि त्यावरून रोगिणीला संप्रेरकरोधक औषधाचा उपयोग होईल काय, याचा निर्णय करतात.

त्या काचपट्टीकडे विद्यार्थ्यांनी क्षणभर मनश्चक्षूंनी पाहावे. तिच्यावर रंग आहे, प्रतिपिंड आहे आणि ग्राही आहे. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने आयुष्यभर हाताळल्या होत्या; त्या एका काचेवर एकत्र आलेल्या पाहण्यास मात्र तो राहिला नाही. एखाद्या गावच्या स्त्रीचा अहवाल जेव्हा डॉक्टरांच्या हाती पडतो, तेव्हा त्यातील त्या एका ओळीमागे स्ट्रासबुर्गचे ते माखलेले टेबल आहे आणि त्या विद्यार्थ्याला न रागावणारे एक प्राध्यापकही आहेत.

परीक्षा सर्वांनी मन लावून द्याव्यात, हे आमचे सांगणे कायम आहे. पण शाईने बरबटलेला हात यापुढे दिसला, तर तो धुवून ये असे म्हणण्याआधी, हे काय चालविले होतेस, असे आम्ही त्या मुलाला एकदा विचारून पाहणार आहोत.